माणूस शेतकरी कां झाला?

शेती हा मानवाच्या सर्व धंद्यांचा पाया आहे, हें वाक्य आपण शेतकरी लोक इतक्या वेळां ऐकत आलों आहों कीं, त्या पायाखालीं कोणती माती आहे हें खणून पाहण्याची गरज आपणांस क्वचितच वाटते. शाळेंतील पुस्तकांतून जी गोष्ट आपणांस सांगण्यांत आली ती साधारणतः अशी: फार प्राचीन काळीं मनुष्य रानोमाळ भटकत असे; शिकार मिळाली तर खाई, न मिळाली तर उपाशी निजे; पुढें कोणा चतुर माणसाच्या लक्षांत आलें कीं, मातींत पडलेला दाणा उगवतो; त्यानें पेरणी केली, कणग्या भरल्या, आणि मनुष्यजातीचें दैन्य फिटलें. ही गोष्ट ऐकावयास गोड आहे व आपल्या धंद्याचा अभिमान वाढविणारी आहे. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत जुन्या वसाहतींच्या उत्खननांतून आणि त्यांत सांपडलेल्या हाडांच्या व दाण्यांच्या परीक्षेतून जी माहिती पुढें आली आहे, ती या गोष्टीशीं जुळत नाहीं. पहिल्या शेतकऱ्याचें काम शिकाऱ्यापेक्षां अधिक कष्टाचें होतें, त्याच्या ताटांतील पदार्थ थोडे होते, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याची प्रकृतीहि कमी प्रतीची होती, असें ती माहिती सांगते.

मग माणसानें हा धंदा पत्करला कां, आणि एकदां पत्करल्यावर तो सोडला कां नाहीं? हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे. थोड्या पिकांवर सारी भिस्त, एका पावसावर सारा संसार, आणि घरांतील स्त्रियांवर पडणारा, कोणत्याहि वहींत न मांडला जाणारा कामाचा बोजा, या आपल्या शेतीच्या अडचणी त्या पहिल्या शेतकऱ्यांपासूनच धंद्याबरोबर चालत आलेल्या आहेत. त्यांचें मूळ समजलें तर उपाय शोधणें सोपें जाईल, म्हणून हा विषय आम्हीं या अंकांत घेतला आहे.

शिकाऱ्याचा दिवस

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, शेतीपूर्वींचा मनुष्य केवळ शिकारी नव्हता. कंद, फळें, गवतांचे दाणे, मासे, मध इत्यादि वस्तु वेंचून आणणें हा त्याच्या निर्वाहाचा फार मोठा भाग होता. कोणत्या ऋतूंत कोणती वनस्पति कोठें तयार होते, कोणत्या कंदाचें विष भिजवून काढावें लागतें, कोणत्या वाटेनें हरिणांचे कळप जातात, हें ज्ञान त्यास पिढीजात असे. आपण ज्यास भटकणें म्हणतों तें बहुधा ठरलेल्या ऋतूंत ठरलेल्या ठिकाणीं जाणें होतें.

या जीवनांत श्रम किती पडत, याचा हिशेब इ. स. १९६४ मध्यें रिचर्ड ली नांवाच्या मानवशास्त्रज्ञांनीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील कालाहारी प्रदेशांत केला. तेथील कुंग लोक त्या वेळीं मुख्यतः शिकार करून व मोंगोंगो नांवाच्या झाडाचीं कठीण कवचाचीं फळें वेंचून राहत. प्रौढ मनुष्यास अन्न मिळविण्यासाठीं आठवड्यांतून सरासरी अडीच दिवसच काम करावें लागतें, असें ली यांस आढळलें. हा आंकडा पुढें फार गाजला. परंतु त्यांत सरपण आणणें, फळें फोडणें, स्वयंपाक व हत्यारांची दुरुस्ती हीं कामें धरलेलीं नव्हतीं. तीं धरल्यावर आठवड्याचें काम चाळीस तासांच्या पुढें गेलें. ज्या वाचकांच्या घरीं खरिपाची निंदणी व रब्बीची मळणी होते, त्यांस हा दुसरा आंकडाहि फार मोठा वाटणार नाहीं.

तथापि यावरून शिकाऱ्याचें जीवन म्हणजे स्वर्ग होता, असें मात्र कोणीं समजूं नये. याच कुंग लोकांच्या जननमरणाचा अभ्यास नॅन्सी हॉवेल यांनीं केला असतां, जन्मलेल्या सुमारें पांच मुलांपैकीं एक पहिल्या वर्षांतच दगावतें असें दिसून आलें. जखमा, ताप व अपघात यांवर इलाज नसे. म्हाताऱ्या व पंगु माणसांस टोळीबरोबर चालणें कठीण जाई. शिवाय विसाव्या शतकांतील कुंग लोक हे दहा हजार वर्षांपूर्वींच्या माणसांची हुबेहूब प्रतिमा होत, असेंहि मानतां येत नाहीं. इतरांनीं सोडून दिलेली रुक्ष जमीन त्यांच्या वांट्यास आली होती. म्हणून प्राचीन स्थिति जाणण्यास प्राचीन जागाच खणून पाहिली पाहिजे. सुदैवानें अशी एक जागा आहे कीं, जेथें शिकारी आणि शेतकरी एकाच पांढरींत, एकावर एक अशा थरांत, राहून गेले.

एकाच पांढरींतील दोन गांवें

सीरिया देशांत युफ्रेतिस नदीच्या कांठीं अबू हुरेरा नांवाचें एक मोठें टेकाड होतें. नदीवर धरण बांधण्याचें ठरल्यामुळें तें बुडणार, हें ओळखून अँड्र्यू मूर यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९७२ व १९७३ या दोन वर्षांत तेथें घाईनें उत्खनन करण्यांत आलें. पुढें टेकाड पाण्याखालीं गेलें; पण तेथील मातींतून पाण्याच्या साह्यानें वेगळे केलेले जळके दाणे, जनावरांचीं हाडें व माणसांचे सांगाडे अभ्यासकांच्या हातीं राहिले.

सर्वांत खालच्या थरांतील वस्ती सुमारें १३,००० वर्षांपूर्वींची होती. जमिनींत खळगे खणून, त्यांवर लांकूड व बोरू यांचें छप्पर घालून लोक राहत. वस्ती लहान, फार तर कांहीं शेंकडा माणसांची. परंतु ती बाराही महिने तेथेंच असे. म्हणजे माणूस स्थिर झाला तो शेतीमुळेंच, ही समजूतहि येथें खरी ठरत नाहीं. दरवर्षीं वसंत ऋतूंत आपल्या चिंकाऱ्याच्या जातीचीं हरिणें उत्तरेकडे जात, तेव्हां त्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार होई. वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास गॉर्डन हिलमन यांनीं केला. त्यांत शंभराहून अधिक जातींच्या खाण्याजोग्या वनस्पतींचीं बीजें ओळखण्यांत आलीं. रानटी गहूं, रानटी राय, गवतांचे दाणे, पाणथळींतील वनस्पति, झाडांचीं फळें असा तो विस्तार होता. एक वस्तु हुकली तर दुसरी होती. हाच त्या लोकांचा विमा होता.

त्यानंतर हवामान फिरलें. सुमारें १२,९०० वर्षांपूर्वीं थंडी व कोरड पुन्हा वाढली, आणि ती स्थिति हजाराहून अधिक वर्षें टिकली. झाडें मागें हटलीं, रानटी गव्हाचीं कुरणें विरळ झालीं. याच काळांत तेथील लोकांनीं राय हें धान्य पेरण्यास आरंभ केला, असें हिलमन यांचें मत होतें. सर्व विद्वानांस तें मान्य नाहीं. परंतु टंचाईच्या दिवसांत, जें धान्य पूर्वीं आपोआप येई तें हातानें राखावें व वाढवावें, अशी बुद्धि होणें स्वाभाविक आहे, हें कोणताहि शेतकरी कबूल करील.

दाणा झडणारी ओंबी

येथें एक शंका येईल. रानांत गहूं आपोआप येत होता, तर तो पेरण्याचे कष्ट कोणीं कां घ्यावे? ही शंका रास्त आहे. इ. स. १९६६ मध्यें जॅक हार्लन नांवाच्या अमेरिकन शेतकीशास्त्रज्ञांनीं तुर्कस्तानच्या आग्नेय भागांतील काराजादाग डोंगराच्या उतारावर जाऊन रानटी गव्हाची कापणी स्वतः करून पाहिली. गारगोटीचीं पातीं बसविलेल्या विळ्यानें तासाभरांत त्यांस जें पीक मिळालें, तें निवडल्यावर सुमारें एक किलो स्वच्छ दाणा उरला. एका कुटुंबानें तीन आठवडे असें काम केलें तर त्यास वर्षभर पुरून उरेल इतकें धान्य जमेल, असा त्यांचा हिशेब होता. नांगरट नाहीं, पेरणी नाहीं, राखण नाहीं. केवळ तीन आठवडे कापणी!

या रानटी गव्हांत एकच खोड होती. त्याची ओंबी पिकली कीं, तिचा कणा ठिसूळ होऊन दाणे आपोआप झडून जमिनीवर पडत. वनस्पतीच्या दृष्टीनें हा गुण आहे, कारण त्यामुळें तिचें बीं पसरतें. कापणाऱ्याच्या दृष्टीनें तें नुकसान आहे. रानांत हजारों ताटांमध्यें एखादें ताट असें निघे कीं, ज्याची ओंबी पिकूनहि फुटत नसे. रानांत अशा ताटाचा वंश चालत नाहीं. पण माणसानें कापणी करून त्यांतलेंच बियाणें पुढच्या वर्षीं पेरलें कीं, न झडणाऱ्या ओंबीचे दाणे दरवर्षीं थोडे अधिक पेरले जातात. कोणीं मुद्दाम निवड न करितां केवळ कापणी व पेरणी यांच्या चक्रामुळें पिकाची जात बदलत गेली. हा बदल एका पिढींत झाला नाहीं. उत्खननांत सांपडलेल्या ओंब्यांच्या तुकड्यांवरून त्यास दोन-तीन हजार वर्षें लागलीं असें दिसतें. आणि तो पुरा झाला तेव्हां गहूं माणसावांचून जगेनासा झाला, आणि माणूसहि गव्हावांचून जगेनासा झाला.

त्याच प्रदेशांत गव्हाच्या दोन जाती, जव, मसूर, वाटाणा, हरभरा व जवस हीं पिकें माणसाच्या हाताखालीं आलीं. त्या दोन गव्हांपैकीं एक म्हणजे आपला खपली गहूं होय. आपल्या रब्बीच्या शेताकडे पाहिलें तर त्यांतील अर्धा संसार त्या दूरच्या डोंगरउतारांवरून आलेला आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईल. तेथें पाऊस हिवाळ्यांत पडे; म्हणून हीं पिकें आजहि थंडीचींच राहिलीं आहेत.

हाडांनीं ठेवलेली नोंद

आतां त्याच अबू हुरेराच्या वरच्या थरांकडे वळूं. सुमारें १०,५०० वर्षांपूर्वींपासून तेथें मातीच्या विटांच्या चौकोनी घरांचें गांव वसलें. तें वाढत वाढत सुमारें २८ एकरांवर पसरलें व त्यांत कांहीं हजार माणसें राहूं लागलीं. शेतांत गहूं, जव, राय, मसूर व हरभरा होता. हरिणांची शिकार आणखी सुमारें हजार वर्षें चालली. पुढें हरिणें कमी झालीं आणि त्यांची जागा पाळीव शेळ्यामेंढ्यांनीं घेतली.

या गांवांतील सांगाडे थिया मोलेसन यांनीं तपासले. कित्येक सांगाड्यांच्या पायाच्या आंगठ्यांचे सांधे झिजलेले व वांकडे झालेले होते, गुडघ्यांच्या हाडांवर ताणाच्या खुणा होत्या, पाठीच्या कण्याचे खालचे मणके दबलेले होते. अशा खुणा बहुतेक स्त्रियांच्या हाडांवर होत्या. त्यांचें कारण त्यांस पाट्यांत सांपडलें. फिरतें जातें त्या काळीं नव्हतें. तें हजारों वर्षांनीं आलें. जमिनीवर ठेवलेल्या लांबट दगडापुढें गुडघे टेंकून, पायांचीं बोटें मुडपून, दोन्ही हातांनीं वरवंटा पुढें ढकलावा व मागें ओढावा, असें तासन्‌तास केल्यावांचून त्या घरांत भाकरी होत नसे. दाणा टिकाऊ खरा, पण तो तसाच खातां येत नाहीं; कांडणें, पाखडणें, दळणें हें काम रोजचें. शेतींतील पुरुषाचें काम हंगामी झालें, पण पाट्यापुढील काम तीनशें पासष्ट दिवसांचें झालें. धान्य साठविण्याची जी सोय आपण शेतीचा मोठा लाभ समजतों, तिची किंमत अशा रीतीनें स्त्रियांच्या पाठींनीं भरली आहे.

दांतांचीहि तीच कथा आहे. दगडाची कच मिसळलेलें जाडेंभरडें पीठ खाऊन त्या लोकांचे दांत झिजत व फुटत. पुढें मातीचीं भांडीं आलीं. धान्य शिजवून मऊ पेज करतां येऊं लागली. दांत फुटण्याचें प्रमाण घटलें, पण पिठूळ पदार्थ दांतांस चिकटून राहत असल्यामुळें कीड वाढली.

अबू हुरेरासारखीच साक्ष इतर देशांतहि मिळाली आहे. लॉरेन्स एंजेल यांनीं ग्रीस व तुर्कस्तान येथील प्राचीन सांगाडे मोजले, तेव्हां हिमयुगाच्या अखेरच्या शिकाऱ्यांची, पुरुषांची सरासरी उंची सुमारें ५ फूट ९ इंच भरली. शेती रुळल्यानंतर, इ. स. पूर्वीं ३००० च्या सुमारास, ती सुमारें ५ फूट ३ इंचांपर्यंत उतरली होती. आपल्या देशांतहि गंगेच्या खोऱ्यांत सराय नहार राय, महदहा व दमदमा या ठिकाणीं सांपडलेले मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांचे सांगाडे उंच व मजबूत बांध्याचे असून त्यांच्या दांतांत कीड फार थोडी आहे. अमेरिकेंतील इलिनॉय नदीच्या खोऱ्यांत डिक्सन माउंड्स येथें, लोक मक्यावर अवलंबून राहूं लागल्यानंतर रक्तक्षयाच्या खुणा असलेल्या हाडांचें प्रमाण सुमारें चौपट झालें. एकाच धान्यावर भिस्त टाकली म्हणजे पोट भरतें, पण अंग भरत नाहीं, हा त्याचा अर्थ.

येथें दुसरी बाजूहि सांगणें आवश्यक आहे. इ. स. १९९२ मध्यें कांहीं विद्वानांनीं असा आक्षेप घेतला कीं, हाडांवर रोगाची खूण उमटण्यास मनुष्य त्या रोगांतून कांहीं काळ तरी वांचलेला असावा लागतो. जो झटकन मेला त्याचें हाड स्वच्छच राहतें. तेव्हां खुणा अधिक म्हणजे प्रकृति वाईटच, असा सरसकट निकाल देतां येत नाहीं. हा आक्षेप विचारांत घेऊनहि इतकें म्हणतां येतें कीं, शेतीनें पहिल्या शेतकऱ्यांस तत्काळ निरोगी व सुखी केलें, याचा पुरावा हाडांत सांपडत नाहीं. दाट वस्ती, उकिरडे व गोठे यांच्या सान्निध्यानें नवे रोगहि पुढील काळांत आले. गोवराचा विषाणु हा गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा आप्त असून, तो गुरांकडून माणसांत आला असें मानतात.

मागें फिरण्याची वाट कां बंद झाली?

तर मग लोक पुन्हा रानाकडे कां वळले नाहींत? याचें उत्तर पाळण्यांत आहे. भटकणाऱ्या आईस एकच मूल कडेवर वाहून नेतां येतें. कुंग स्त्रियांच्या दोन बाळंतपणांत सुमारें चार वर्षांचें अंतर असे. घर एका जागीं झालें, मुलाचें दूध लवकर तोडून त्यास पेज देतां येऊं लागली, आणि हें अंतर कमी झालें. मुलें अधिक मरत, पण त्याहून अधिक जन्मत. फिलिपाइन्समधील आग्टा लोकांत हा फरक अलीकडेच पाहण्यांत आला आहे. त्यांच्यांतील कांहीं कुटुंबें शिकार व मासेमारी करून राहतात, कांहीं शेतीकडे वळलीं आहेत. इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शेतीकडे वळलेल्यांस आठवड्यास सुमारें तीस तास काम पडतें व शिकाऱ्यांस सुमारें वीस, असें दिसलें. स्थिर झालेल्या स्त्रियांस मुलें अधिक होतात व रोगराईहि अधिक होते, असेंहि त्याच लोकांवरील दुसऱ्या अभ्यासांत आढळलें.

आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म येथें आहे. शिकाऱ्याचा हिशेब माणशी होता, शेतीचा हिशेब एकरी आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या श्रमास काय मिळतें असें पाहिलें तर शिकारी पुष्कळदां वरचढ ठरतो. पण एका एकरावर किती तोंडें पोसतात असें विचारलें तर शेतकऱ्यापुढें तो कोठेंच टिकत नाहीं. ज्या रानांत पंचवीस माणसांची टोळी कशीबशी राही, तेथें शेतीनें शेंकडों माणसें राहूं लागलीं. तीं चांगलीं जेवत होतीं असें नव्हे. पण तीं होतीं, आणि संख्येनें अधिक होतीं. दोन पिढ्यांनंतर रान तोडलेलें, हरिणें सरलेलीं, कंदांचें ज्ञान विसरलेलें, आणि घरांत खाणारीं तोंडें दुप्पट! अशा वेळीं आजोबांसारखें रानावर जगूं म्हटलें तर अर्ध्या गांवास उपाशी मरावें लागेल. कोणीं एका दिवशीं ठरवून हा सौदा केला नाहीं. प्रत्येक पिढीनें एक लहानशी सोय पत्करली, आणि तिच्या मागून आलेलें बंधन पुढच्या पिढीच्या गळ्यांत पडलें. दहा हजार वर्षांपूर्वीं साऱ्या जगाची लोकसंख्या अर्ध्या कोटीच्या आसपास असावी असा अंदाज आहे. आज ती आठशें कोटींवर गेली आहे. एवढी तोंडें पोसण्याचें सामर्थ्य शेतीवांचून दुसऱ्या कशांतहि नाहीं.

इनामगांवची साक्ष

मागें फिरण्याचा प्रसंग आलाच तर काय होतें, याचें उदाहरण आपल्या घराजवळच आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या वतीनें इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन झालें. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर हे त्याचे प्रमुख होते. तेथें इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत शेतकऱ्यांची वस्ती होती. जव हें मुख्य पीक. शिवाय गहूं, मसूर, वाटाणा, कुळीथ. गाई-बैल, शेळ्यामेंढ्या होत्या. घरें चौकोनी व ऐसपैस, त्यांजवळ धान्याच्या कणग्यांच्या जागा, आणि नदीच्या पुराचें पाणी घेण्यासाठीं खणलेला पाट व त्यालगत बांध. हा पाट एका कुटुंबाचें काम नव्हे. गांवानें मिळून केलेली ती सार्वजनिक व्यवस्था होती.

इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास हें चित्र पालटलें. ऐसपैस घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, धान्याची लागवड घटली, शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर अधिक भर पडला. पाऊसमान कमी झाल्यामुळें हें घडलें असें उत्खनन करणाऱ्यांचें मत होतें. पुढील अभ्यासकांपैकीं कांहींनीं जमिनीच्या अति वापराकडेहि बोट दाखविलें आहे. कारण कोणतेंहि असो, परिणाम एकच. शेती खचल्यावर लोक पुन्हा रानाकडे वळले खरे, परंतु त्यामुळें त्यांस पूर्वीच्या शिकाऱ्याची समृद्धि लाभली नाहीं. तेथील मुलांच्या हाडांच्या अभ्यासांत या अखेरच्या काळीं त्यांच्या वाढीवर ताण पडल्याच्या खुणा दाखविण्यांत आल्या आहेत. सुमारें तीनशें वर्षांनीं गांव ओसाड झालें. शंभर वनस्पति ओळखणारा शिकारी निराळा, आणि शेती बुडाल्यामुळें नाइलाजानें शिकार करणारा शेतकरी निराळा.

यांतून आपण काय घ्यावें?

तात्पर्य, रानाकडे परतणें शक्य नाहीं, आणि त्याची कोणीं इच्छाहि करूं नये. परंतु शेतीच्या सौद्यांत माणसानें ज्या वस्तु गमावल्या, त्यांपैकीं कांहीं परत मिळविणें आपल्या हातीं आहे.

पहिली गोष्ट अन्नांतील विविधतेची. आद्य शेतकऱ्यांनींहि केवळ गहूं व जव घेतले नाहींत. त्यांबरोबर मसूर, वाटाणा व हरभरा घेतला. तृणधान्यांत प्रथिनाचा जो घटक कमी असतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो कमी तो तृणधान्यांत असतो. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरील गांठींमुळें जमिनीस नत्र मिळतें. म्हणजे भाकरीशेजारचें वरण हा चवीचा प्रश्न नसून दहा हजार वर्षांचा अनुभव आहे. नगदी पिकाच्या लोभानें ज्या शेतकऱ्यानें तूर, मूग, कुळीथ, हरभरा यांस शेतांतून हद्दपार केलें आहे, त्यानें हा अनुभव मोडींत काढला आहे. बांधावरील शेवगा, पावसाळ्यांतील टाकळा, कुर्डू, घोळ या रानभाज्या म्हणजे त्या जुन्या विस्ताराचा आपल्या ताटांत उरलेला अंश होय. त्यांस केवळ तण म्हणून उपटून टाकूं नये.

दुसरी गोष्ट शिलकीची. शिकाऱ्याचा विमा विविधतेंत होता, शेतकऱ्याचा विमा कणगींत आहे. ज्यानें विविधता सोडली आणि कणगीहि रिकामी ठेवली, त्यास दोन्हीकडून आधार उरत नाहीं. निदान घरापुरतें धान्य व पुढच्या पेरणीचें बियाणें राखून मगच बाजाराचा विचार करावा, हा वडिलांचा नियम या दृष्टीनें पाहिला तर शहाणपणाचाच ठरतो. इनामगांवच्या पाटाप्रमाणें पाण्याची व्यवस्था गांवानें मिळून करावयाची असते, आणि जमिनीचा कस राखला नाहीं तर पाटहि कामास येत नाहीं, हेंहि त्याच गांवावरून शिकावें.

तिसरी गोष्ट घरांतील स्त्रियांच्या श्रमांची. दळणाचें ओझें गिरणीनें उतरविलें. परंतु निंदणी, लावणी, वेंचणी, गोठा, पाणी व सरपण यांचें ओझें पुष्कळ घरीं अद्याप तसेंच आहे. शेतीचा जमाखर्च मांडतांना बैलांचा खर्च आपण धरतों, खताचा धरतों. घरच्या स्त्रीच्या दिवसांचा मात्र धरीत नाहीं. ली यांच्या पहिल्या हिशेबांत जी चूक झाली, तीच आपण दरसाल आपल्या वहींत करीत असतों. जो खर्च मांडला जात नाहीं तो कमी करण्याची बुद्धिहि होत नाहीं. अबू हुरेराच्या स्त्रियांच्या कष्टांची नोंद कोणीं लिहून ठेविली नव्हती, म्हणून ती त्यांच्या हाडांवरून वाचावी लागली; आपल्या घरची नोंद वहींतच व्हावी हें बरें.

असो. शेती हा मानवास लाभलेला निव्वळ आशीर्वाद नव्हता, हें वाचून कोणा शेतकऱ्यास वाईट वाटण्याचें कारण नाहीं. उलट, इतक्या जड सौद्यांतूनहि ज्यांनीं पीक सुधारलें, अवजारें काढलीं, पाट खणले आणि जगाचें पोट भरलें, त्यांचे आपण वारस आहों, ही गोष्ट अधिक अभिमानाची आहे. एकरी किती पिकलें हें आपण दरसाल मोजतोंच; त्याच वहींत माणशी काय पडलें, घरांत कोणाची पाठ वांकली, मुलांच्या ताटांत किती पदार्थ आले, हेंहि मोजूं लागलों, तर त्या जुन्या सौद्यांतील तूट थोडीथोडी भरून निघेल, असें आम्हांस वाटतें.